चार वाजताचा चोर

या, इकडे जवळ या. दारातच उभं राहून "बस, निघतोच" म्हणायचं होतं तर आलात कशाला? आणि तो फोन ठेवा आधी खाली. मी सांगितलं की तोंडं वाकडी करता. आमच्या शेजारच्या गांगुर्डे सरांकडे जा म्हणजे कळेल. त्यांच्या दाराशी झाकणाचा एक स्टीलचा डबा असतो, पाच किलो तांदूळ मावेल एवढा. आलेल्याने आपला फोन त्यात टाकायचा. झाकण सर स्वतः लावणार, वरून दोनदा दाबून बघणार, मगच "बसा" म्हणणार. मी त्यांची सोळा वर्षांपासूनची शेजारीण, दिवसाआड वाटीभर भाजी घेऊन जाते, तरी माझाही फोन डब्यात.

"सर, माझ्या फोनात काय असणार? भावजयीचे गुड मॉर्निंग आणि गुडघ्याचे व्यायाम."

"तुमच्यावर संशय नाही, वहिनी. मी फक्त खात्री करून घेतोय."

हे त्यांचं पालुपद. पंचवटीच्या भाजीबाजारात मेथीची जुडी सोडून आतपर्यंत बघतील, तेव्हाही हेच. दूधवाल्यासमोर दुधात ती पाणी मोजायची काचेची नळी बुडवतील, तेव्हाही हेच. लग्न राहिलं तेही ह्याच पायी. मुलगी बघायला जायचे आणि मुलीकडचे काही विचारायच्या आत ह्यांचीच चौकशी सुरू. पोहे कोणी केले? हिनेच? मग मीठ किती घातलं ते हिनेच सांगावं. एक बिचारी घाबरून म्हणाली, मीठ आईने घातलं. झालं, सर उठले!

जन्मभर आयटीआयमध्ये मुलांना वायरिंग शिकवलं. निवृत्त झाल्यावर कंप्युटरच्या मागे लागले, कोणाच्या शिकवणीशिवाय. आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला आणि ओट्याखालची सिलिंडरची जागा मोकळी झाली. आम्ही बायकांनी तिथे कांदे-बटाटे ठेवले. सरांनी काळी पेटी ठेवली, समोर टेबलफॅन लावला. पेटी दिवसभर गुणगुणायची. पडदे ओढलेले. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. चेअरमन शिंपी माझ्या ह्यांना म्हणाले, "काहीतरी भानगड आहे. एकटा माणूस, कोणी येत नाही, जात नाही. लोकांना फसवायचे उद्योग असेच चालतात म्हणे." आणि मला म्हणाले, "काकू, तुम्ही भाजी द्यायला जाताच, तर जरा नजर टाका."

मी काय, गेले टेहळणीला. खोटं कशाला बोलू, मलाही संशय होताच.

"सर, ही पेटी कसली हो?"

त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "शिंप्याने पाठवलं ना?"

मी शेवग्याच्या शेंगांची वाटी पुढे केली. शेंगांनी माणूस जरा सैल पडतो.

"हा घरातला सर्व्हर. ह्या एका कंप्युटरच्या पोटात तीन कंप्युटर आहेत. खरे नाहीत, मानलेले. पण प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच. त्यांना खरं सांगायचं नाही."

"म्हणजे भाडेकरू."

सर खूश झाले. "अगदी! एक दारावरचा कॅमेरा बघतो. एक माझा. तिसऱ्याबद्दल विचारू नका."

आता असं सांगितलं की माणूस दुसरं काही विचारेल का? मी रोज जायला लागले. तर रोज वेगळं रडगाणं. पेटीत चित्रं रंगवणारं कार्ड एकच, आणि ते हवं दोघांना. एकाला दिलं की दुसरा आंधळा. एके दिवशी सरांनी अख्खं कार्ड तिसऱ्याला देऊन टाकलं, तर त्यांचाच पडदा काळा ठिक्कर! पुढे काळोख, हातात माउस, आणि सर म्हणतायत, "बघा वहिनी, भाडेकरू पलंगावर आणि मालक जिन्यात." तीन दिवस जिन्यातच होते. मग कसल्या कसल्या आज्ञा टाइप करून त्यांनी त्या कार्डाचे दोन वाटे केले. पडद्यावर काय उमटलं असेल? कॅरम. खराखुरा वाटावा असा, लाकडाच्या रेषांसकट कॅरम बोर्ड.

मला हसूच आवरेना. "ह्यासाठी एवढा खटाटोप? आमच्या नातवाच्या फोनात फुकट असतो की!"

"फुकट?" सर ताडकन उठले. "फुकट देणारा काय घेऊन जातो ते बघितलंत कधी? अक्काचं नाव, तिचं गाव, तिचं बोट कुठे थरथरतं, सगळं घेऊन जाईल!"

आणि तोंडातून निसटलं ते निसटलंच. मग सांगावं लागलं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सिंधूअक्का, कळवणला असते. भावंडं ही दोघंच. मागच्या वर्षी अक्काच्या उजव्या हातावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, नाहीतर आखडून बसतील. अक्का चेंडू दाबेना, दोऱ्या ओढेना. त्यातून भाऊबीजेला सर गेले, औषधाच्या गोळ्या खऱ्या आहेत का ते पाकीट फोडून बघायला लागले, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या ह्या संशयापायीच तुझ्याकडे कुणी फिरकत नाय." सर ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. तेव्हापासून फोनवर "जेवलीस का," "जेवले," एवढंच.

पण लहानपणी अक्का कॅरममध्ये गल्लीतल्या मुलांना रडवायची, हे सर विसरले नव्हते. तिसरा भाडेकरू अक्काचा होता. सर कळवणला जाऊन बोटाने दाबायचा मोठा स्क्रीन तिच्या खाटेशी बसवून आले. त्या दिवशी सगळं चाललंही. निघताना बजावलं, "रोज चार वाजता बस. मी इकडे असतो. आणि ह्यातलं फोनवर बोलायचं नाही, कोण ऐकत असेल सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता सर पडद्यासमोर. सोंगट्या मांडलेल्या. अक्का आलीच नाही. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस.

"राग धरून बसली," सर म्हणायचे. "मला माहीतच होतं. स्क्रीन पण कोपऱ्यात फेकला असेल. बोटं आखडली तरी चालतील, पण माझ्याशी खेळायचं नाही."

"विचारा ना तिला फोन करून."

"मी? तिने बोलावं आधी."

त्यातच एक चोर उपटला. सरांच्या पेटीचं दार बाहेरून कोणीतरी वाजवत होतं. वायरीतून हो, म्हणजे नेटवरून. आतल्यांनी बाहेर जावं, पण बाहेरच्याने आत यायचं नाही, असा बंदोबस्त सरांनी केलेला. फक्त अक्काच्या घरच्या नेटचा जो नंबर असतो, तेवढ्यालाच वाट ठेवलेली. आणि रोज कोणीतरी भलत्याच नंबराने यायचं. सर त्याला हाकलायचे, नंबर वहीत लिहायचे, आणि त्या नंबराला कायमचं दार बंद करायचे.

"लबाड आहे," मला वही दाखवत म्हणायचे. "रोज कपडे बदलून येतो. पण मी ओळखतो. आज तर सात वेळा आला. सातही वेळा लाथाडला!" बहिणीच्या दुःखात तेवढाच एक विरंगुळा झाला होता. मीही "शाब्बास" म्हणायचे. शिंप्यांनाही अभिमानाने सांगितलं, आपल्या सोसायटीवरचा चोर सरांनी रोखलाय.

तीन आठवडे असे गेले. मग माझ्या मावसबहिणीच्या नातीचं लग्न निघालं, नेमकं कळवणला. मी आपली पत्ता विचारत अक्काकडे गेले. खाटेवर बसलेली, गोरीपान, डोक्यावर पदर, समोर तो स्क्रीन. लख्ख पुसलेला. कोपऱ्यात फेकलेला नव्हता.

"तुम्ही त्याच्या शेजारच्या ना?" माझा हात धरला तिने, डाव्या हाताने. "त्याला एवढं सांगा, मी चुकले. चार माणसांत बोलायला नको होतं. पण किती दिवस राग धरायचा? रोज चार वाजता बसते मी. हे बोट उचलत नाय, तरी दाबते. पाचदा दाबते, सातदा दाबते. तो दारच उघडत नाय, बाई."

सातदा. मी शाब्बास म्हणाले होते.

आल्या आल्या सरांकडे गेले. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. सांगितलं. सर म्हणाले, "शक्य नाही. तिचा नंबर माझ्याकडे लिहिलेला आहे. नंबर कसा बदलेल? विजेच्या मीटरचा नंबर बदलतो का कधी?"

"अहो, तुम्ही पन्नास गोष्टी तपासता, ही तपासलीत का?"

त्यांनी तपासली. नेटवाले तिकडचा नंबर हवा तेव्हा बदलतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मग वही उघडली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. प्रत्येक चोरापुढे त्यांच्याच सुबक अक्षरात वेळ लिहिलेली. चार. चार वाजून दोन मिनिटं. चार वाजून पाच. पेटीसमोरचा पंखा तेवढा फिरत होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पावणेचारला गेले. सरांनी वहीतले सगळे नंबर मोकळे केले होते, आणि चारच्या सुमाराला कोणत्याही नंबराला वाट ठेवली होती. चार वाजले. दार वाजलं, पुन्हा नवाच नंबर. सरांचा हात सवयीने पुढे गेला आणि मधेच थांबला. पडद्यावर स्ट्रायकर हलला. थोडा सरकला, थांबला, मागे आला. एक नेम धरायला किती वेळ? मी घड्याळ बघितलं, चार मिनिटं. ते बोट तिकडे कसं थरथरत असेल, ते इथे दिसत होतं. मग फटका बसला. हळू, वाकडा. पांढरी सोंगटी बोर्डाच्या भिंतीला घासून कोपऱ्यापर्यंत गेली आणि भोकाच्या काठावर राहिली.

"अक्काच," सर म्हणाले. "भिंतीला लावून मारायची खोड तिचीच. बापाने किती रागावलं तरी सुटली नाही."

त्यांनी फोन उचलला. सगळं जग ऐकत असलं तरी चालेल अशा आवाजात म्हणाले, "अक्का."

पलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं. "कुठं होतास रे एवढे दिवस?"

"इथंच होतो," सर म्हणाले. "दाराशीच."

आता अक्का जिंकायला लागली आहे, आणि सर हरल्यावर चिडतात तेव्हा आमच्या भिंतीपलीकडून ऐकू येतं. तुम्ही या ना एकदा. नुसतं येऊ म्हणू नका, ह्याच महिन्यात या. चार वाजता मात्र त्यांच्याकडे जाऊ नका, तेव्हा ते कामात असतात. पाचला जाऊ, मी बरोबर येते. त्यांच्याकडे फार कोणी जात नाही हो.