सर्कलवरची मुलाखत

अकराची मुलाखत होती. अकरा वाजून गेले तरी सारथी सर कॉलेजच्या फाटकासमोरून नुसते फिरत होते. फाटक येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. फाटकासमोरच्या सर्कलमध्ये शिरलेली त्यांची गाडी बाहेर पडायचं नावच घेत नव्हती.

'सारथी' हे सरांचं पाळण्यातलं नाव नव्हे. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाने उभी हयात बिनचालकाच्या गाडीपायी घालवली होती, आणि स्वतः त्याला साधी सायकलसुद्धा येत नव्हती, म्हणून विद्यार्थ्यांनी ते चिकटवलं होतं. बरोबरीचे सगळे केव्हाच प्रोफेसर झाले. सर मात्र असोसिएट प्रोफेसरच्या खुर्चीत खितपत पडले. वयाच्या अटीत बसणारी आजची ही शेवटची मुलाखत होती. ती हुकली तर असोसिएट म्हणूनच निवृत्त व्हायचं होतं, आणि बायकोने तर नवऱ्याला बढती मिळाल्याचं माहेरी आधीच सांगून टाकलं होतं.

"आजचा दिवस टॅक्सीने जा," असं ती सकाळी बजावत होती. पण ज्या गाडीवर मुलाखत द्यायची तिच्यात आपणच बसलो नाही तर समिती काय म्हणेल, असं सरांचं म्हणणं पडलं. म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडीही सर्कलपर्यंत अगदी गुणी मुलीसारखी आली. सर्कलमध्ये तिने आतली लेन धरली, बाहेरच्या लेनमध्ये वाहनांची रीघ होती, आणि तिथेच घोडं अडलं.

बाहेरची लेन पूर्ण रिकामी दिसल्याशिवाय वळायचं नाही, हा सरांचा नियम होता. थांबलेलं वाहन कधीही सुटू शकतं, म्हणून तेही चालतंच आहे असं धरायचं, हा त्याचा पोटनियम. या पोटनियमासाठी एका परिषदेत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. माणसाच्या हातात काही दिलं की तो घोळ घालतो, म्हणून सरांनी स्टीअरिंग आणि ब्रेक काढून टाकले होते. घाबरून कोणी मध्येच उडी मारू नये, म्हणून मुक्काम आल्याशिवाय दारं उघडत नव्हती. आपल्याच हातांनी आपल्याला इतकं पक्कं कोंडून घ्यायला विद्वत्ताच लागते.

ट्रॅफिक हवालदार शेवटी गाडीपुढे आडवा उभा राहिला. गाडी शहाण्यासारखी थांबली आणि काच चार बोटं खाली आली.

"उतरा खाली."

"दार उघडत नाही."

"का उघडत नाही?"

"अजून पोहोचलो नाही म्हणून."

"मग पोहोचा ना. धरलंय कोणी?"

सरांनी त्याला पोटनियम समजावला. हवालदार मनाने चांगला होता. त्याने सगळी वाहतूक रोखून धरली. बाहेरच्या लेनमध्ये वाहनांची रांग लागली, आणि थांबलेली वाहनं पाहून गाडी त्यांच्या जाण्याची वाट बघत उभी राहिली. हॉर्नचा नुसता गिल्ला झाला. कंटाळून हवालदाराने सगळ्यांना सोडलं, तशी गाडीही आनंदाने पुढच्या फेरीला लागली.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून समिती हे पाहत होती. समितीचे अध्यक्ष म्हणजे सौजन्याचा पुतळा. लिफ्टच्या दारात दुसऱ्यांना पुढे घालता घालता लिफ्टच निघून जायची आणि ते जिना चढून यायचे. उमेदवार येऊ शकत नसेल तर समितीने खाली जावं, असं त्यांनी ठरवलं. समिती फाटकात येऊन उभी राहिली. एका फेरीला प्रश्न विचारायचा आणि पुढच्या फेरीला उत्तर घ्यायचं, असं सुरू झालं. पण समितीतल्या बाईंना दम नव्हता. अध्यक्षांनी गाडीतली मोठी उणीव विचारली होती. तिचं उत्तर यायच्या आतच बाईंनी घरसंसाराची चौकशी केली, आणि सर ओरडत गेले, "एकदा आत शिरलं की बाहेर पडता येत नाही." बाईंनी सहानुभूतीने मान हलवली.

असं चालायचं नाही, हे अध्यक्षांच्या ध्यानात आलं. त्यांनी स्वतःची गाडी काढली, बाहेरच्या लेनमध्ये सरांच्या शेजारी आणली आणि काच खाली करून नीट मुलाखत सुरू केली. ती सरांच्या आयुष्यातली सर्वांत रंगलेली मुलाखत झाली. घड्याळाकडे बघून कोणी उठत नव्हतं. सरांचाही संकोच फिरता फिरता गळून पडला. विषयावर जीव असलेला माणूस बोलू लागला की जसा बोलतो, तसे ते बोलले. अध्यक्षांनी एका हाताने स्टीअरिंग धरलं आणि दुसरा हात काचेबाहेर काढला.

"आमचं ठरलं," ते म्हणाले. "पद तुमचं."

सरांना भरून आलं. इतक्या वर्षांचं सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी मनापासून आभार मानले आणि अध्यक्षांना आता पुढे निघायची विनंती केली. एव्हाना गर्दी ओसरली होती; त्यांची गाडी शेजारून हलली की यांची सुटणार होती.

"छे, छे," अध्यक्ष म्हणाले. "आता तुम्ही प्रोफेसर. तुम्हाला मागे टाकून मी निघून जाऊ? आधी तुम्ही."

सरांना वाट द्यायला त्यांनी वेग कमी केला. ते पाहून गाडीनेही अदबीने वेग कमी केला. अध्यक्षांनी आणखी कमी केला, गाडीनेही केला. सरांनी पोटनियम पुन्हा पहिल्यापासून सांगितला. अध्यक्षांनी तो मान डोलावत ऐकला, अतिशय योग्य आहे म्हणाले, पण शेजारून हलले नाहीत. हातातली शिट्टी खिशात टाकून हवालदार फुटपाथवर जाऊन बसला.

"साहेब, निघा इथून" हे शब्द सरांच्या अगदी जिभेवर आले होते. पण नेमणुकीवर सही व्हायची होती, आणि ज्याने आत्ताच पदरात पद घातलं त्याला हाकलायचं कोणत्या तोंडाने? तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का हो?" बायको विचारत होती.

"झालं. प्रोफेसर झालो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "मग या ना लवकर. माझी आई आलीय, पानं घेतेय मी."

सरांनी शेजारी पाहिलं. अध्यक्ष काचेतून हात लांब करून त्यांना हसतमुखाने पुढची वाट दाखवत होते.

"तुम्ही दोघी जेवून घ्या," प्रोफेसर म्हणाले. "आम्हा दोघांना वेळ लागेल."