झिपरेआजोबांचा लाकडी पंजा

बाळांनो, एका जंगलात एक म्हातारं अस्वल राहत होतं आणि त्याच जंगलात कायदाही राहत होता. दोघांची गाठ पडली नसती तर बरं झालं असतं.

अस्वलाला सगळे झिपरेआजोबा म्हणत. त्यांची एक उबदार गुहा होती. तिथे साळूबाई नावाची साळिंदर आपल्या दोन पिलांसह राहून त्यांना कंदमुळं भरवायची. सख्खा पुतण्या डोंगरापलीकडे होता. तो वर्षातून एकदा यायचा, गुहेची लांबी-रुंदी मोजायचा आणि जायचा.

आजोबांनी ठरवलं, गुहा साळूबाईला द्यायची. त्या जंगलात सही म्हणजे चिखलात बुडवलेल्या पंजाचा ठसा. पण आजोबांचा पंजा फार थरथरायचा. म्हणून त्यांनी सुतार पक्ष्याकडून पंजाचा लाकडी शिक्का करून घेतला. दोन हरणांसमोर, मृत्युपत्राच्या तिन्ही सागाच्या पानांवर तो स्वतः मारला. आठवड्याभरात आजोबा गेले.

पुतण्या रडत आला. रडून झाल्यावर कोर्टात गेला.

न्यायाधीश गवेसाहेबांनी पानं पाहिली. "तिन्ही ठसे हुबेहूब सारखे? जिवंत पंजा इतका नेमका पडतो का कधी? संशयास्पद!"

"साहेब, आजोबांनी आमच्यादेखत मारलाय हो शिक्का," हरणं म्हणाली.

"हरणं पान बघतात ते खाण्यासाठी. साक्ष नामंजूर."

साळूबाईनं घाईघाईनं आजोबांचं जुनं, गुहा तिलाच देणारं मृत्युपत्र काढलं. खऱ्या पंजाचं, थरथरत उमटवलेलं.

"यातला एकही ठसा दुसऱ्याशी जुळत नाही!" गवेसाहेब गरजले. "हे तर अधिकच संशयास्पद."

साळूबाईला रडू फुटलं. "मग आजोबांनी करायचं तरी काय होतं?"

"इथं येऊन सांगायचं होतं."

"ते वारले, साहेब."

"गैरहजेरीची नोंद घेतली आहे."

गुहा पुतण्याला मिळाली. साळूबाई निकालाची प्रत आणायला कचेरीत गेली, तेव्हा गवेसाहेब चरायला गेले होते. मुंगूस कारकुनानं खणातून साहेबांच्या खुराचा लाकडी शिक्का काढला आणि निकालावर दाणकन मारला.

"अहो, पण साहेब कुठं आहेत?"

"शिक्का आहे ना, बाई? मग साहेब आहेत. संशय घ्याल तर आत जाल."

साळूबाई पिलांना घेऊन उघड्या माळावर राहायला गेली.

तात्पर्य : बाळांनो, म्हाताऱ्यांची सेवा केली की पुण्य मिळतं. गुहा हवी असेल, तर सेवा कारकुनाची करावी.