खोबरं मोजणारं यंत्र

भाटकरकाकांच्या दाराची बेल दाबली की आतून 'कोण आहे?' असं कधीच यायचं नाही. 'परत दाबा!' असं यायचं. आपण मुकाट्यानं परत दाबायची. मग आत जरा शांतता, आणि नंतर दार उघडून हसतमुखानं स्वागत. "या साळवी, या. आज बेल जरा उतरलीय. दमट हवा, दुसरं काय!" बेलचा आवाज सेकंदाला किती वेळा थरथरतो, हे यंत्रावर मोजल्याशिवाय काका पाहुण्याला घरात घेत नसत. आमचा पोस्टमन शहाणा. तो आपणहूनच दोनदा दाबायचा.

हे यंत्र काकांनी घरी बनवलं होतं. पण मोजायची खोड त्याआधीची. काकांचा जन्म गेला बोटीवर, रेडिओ ऑफिसर म्हणून. कानाला हेडफोन आणि बोटाखाली कट्‌कट् करणारी टिंबं-रेघांत संदेश धाडणारी मोर्सची कळ. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीला मांडवीच्या आमच्या आळीत, अगदी आमच्या भिंतीला लागून घर बांधलं आणि माडाच्याही वर जाईल अशी एरियल उभी केली. घरातल्या रेडिओवरून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचा सरकारी परवाना त्यांच्याकडे होता. तो फ्रेम करून देवघराच्या वर लावलेला असल्यामुळे काकू उदबत्ती ओवाळायच्या तेव्हा थोडा धूर परवान्यालाही मिळायचा.

'अंदाजे' हा शब्द काकांच्या घरात निषिद्ध होता. "अंदाजे म्हणजे किती? बोटीवर अंदाजे चालत नाय. अंदाजे गेलात तर खडकावर जाल." हे ते कुणालाही ऐकवायचे. मासे घेऊन येणारी हलिमाबी एकदा म्हणाली, "घ्या, सकाळचेच बांगडे हायत."

"सकाळचे म्हणजे किती वाजताचे?"

"मी काय बांगड्यांच्या बारशाला गेलेली?" असं म्हणून तिनं पाटी उचलली. काकूंनी मागच्या दारानं धावत जाऊन तिला परत आणली.

ऐंशीचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. आळीत एकाच सुमारास दोन नव्या वस्तू आल्या. घरोघरच्या स्वयंपाकघरांत मिक्सर आला आणि भाटकरकाकांच्या टेबलावर मायक्रोकंट्रोलर. मिक्सर सगळ्यांना कळला. मायक्रोकंट्रोलर म्हणजे झुरळाएवढा काळा तुकडा, दोन्ही बाजूंना पाय आणि पाठीवर काचेची इवलीशी खिडकी. "ह्याच्या पोटात अख्खा कॉम्प्युटर हाय, साळवी," काका तो तळहातावर घेऊन म्हणाले. "रेडिओची लाट सेकंदाला लाखो वेळा हलते. ती नेमकी किती वेळा हलली, ते हा मोजून सांगणार. फक्त ह्याला शिकवायला हवं."

शिकवणी मुंबईत व्हायची. काका कागदावर प्रोग्रॅम लिहायचे. तो कागद आणि ते झुरळ बिस्किटाच्या डब्यात घालून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे. मुंबईतला एक ओळखीचा गृहस्थ त्या झुरळात, म्हणजे चिपमध्ये, प्रोग्रॅम भरून डबा परत पाठवायचा. पहिल्यांदा डबा आला तेव्हा काकांनी मला मुद्दाम बोलावलं. आमच्या गावच्या रेडिओ केंद्राचा आकडा निवेदिका रोज सकाळी सांगते, तोच यंत्रावर उमटायला हवा होता. उमटला तो बरोबर निम्मा.

"रेडिओवरची बाई खोटं बोलते की काय?" मी विचारलं.

"बाई नाय. मी चुकलो," काका म्हणाले आणि लगेच कागद घेऊन बसले. स्वतःची चूक इतक्या उत्साहानं शोधणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

चिपमधलं जुनं शिक्षण पुसायला विशिष्ट प्रकारचा प्रकाश लागतो. तो पाडणारा दिवा रत्नागिरीत कुठला मिळायला! पण कडक ऊनही चालतं म्हणे, दिवस जरा जास्त लागतात एवढंच. आणि मे महिन्यात आमच्याकडे उन्हाला काय तोटा? काकूंचं वाळवण गच्चीवर पडलेलंच होतं. आंबापोळी, आमसुलं, आणि त्यांच्या शेजारी काच वर करून हे झुरळ. काका डोक्यावर पंचा टाकून कावळे हाकत बसायचे. "इतकी वर्षं माझं वाळवण कावळ्यांनी खाल्लं, तेव्हा कधी वर फिरकले नाहीत," काकू आमच्या हिला सांगायच्या.

एका संध्याकाळी चिप नाहीशी झाली. काकांनी गच्ची केरसुणीनं झाडली, पन्हळीत हात घातला, समोरच्या माडावरच्या कावळ्याला दम दिला. शेवटी सापडली ती काकूंच्या चिनी मातीच्या बरणीत, आमसुलांच्या मधोमध. काळ्या आमसुलात काळी चिप, काकूंना तरी कशी दिसणार? काकांनी ती जुन्या टूथब्रशनं घासली, पंख्याखाली वाळवली आणि पुन्हा मुंबईला धाडली. परत आली ती सगळं बरोबर शिकून. पायांना आंबूस वास मात्र कायमचा राहिला.

या वेळी यंत्रावर रेडिओ केंद्राचा आकडा अचूक उमटला. काकांनी आळीत पेढे वाटले. त्यानंतर आठवडाभर कुणाच्याही घरातली वाजणारी वस्तू सुटली नाही. देवळातली घंटा मोजली, माझ्या सायकलची घंटी मोजली. आमच्या हिचं शिवणाचं मशीन मोजून "वैनी, तेल घाला," असा सल्लाही देऊन झाला.

आणि मग रविवार उजाडला.

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या आळीत काय होतं हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. मासे साफ होऊन ताटात पडलेले असतात आणि घरोघर कालवणासाठी खोबऱ्याचं वाटप वाटायला घेतात. काका रेडिओवर बोलायला बसले आणि एकदम सगळे मिक्सर सुरू झाले. त्याबरोबर काका बनियनवर बाहेर धावत आले. "बंद करा! बंद करा! माझं यंत्र खोबरं मोजतंय!" मिक्सरच्या मोटरीतल्या ठिणग्या त्या यंत्राला रेडिओच्या लाटा वाटत होत्या. आकडे नुसते सैरावैरा पळत होते.

पहिल्या रविवारी बायका हसल्या. दुसऱ्या रविवारी काकांनी दारात लाल फडकं लावलं, म्हणजे मिक्सर बंद. फडक्याला कुणी विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी आमची ही नव्या मिक्सरचं झाकण हातात घेऊन थेट त्यांच्या अंगणात गेली. मागोमाग आळीतल्या आणखी बायका. आणि ह्या भांडणात मी कुठल्या बाजूचा हे ठरवायला म्हणून मीही गेलो.

"काका, आमच्या कालवणाला आता परवाना काढायचा का?" हिनं विचारलं.

"परवाना माझ्याकडे हाय!" काका गरजले.

"मग अकराला बोला, बाराला बोला. रविवारी दहालाच कशाला? आणि लाखातले दोनचार इकडेतिकडे झाले तर काय आभाळ कोसळतंय? अंदाजे धरा!"

आता काका फुटणार, असं मला वाटलं. पण ते एकदम पायरीवर बसले.

"कुरियन हाय ना, त्याच्यासाठी," ते म्हणाले. "केरळात असतो. आम्ही एकाच बोटीवर होतो. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी बोलतो. आधी मी कुठल्याही आकड्यावर असलो तरी बटण फिरवून मला शोधून काढायचा. म्हणायचा, भाटकर, आज तू खाली घसरलायस. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला. बोलणं गेलं. एक बोट तेवढं हलतं, त्यानं कळ दाबून बोलतो. पोरग्यानं रेडिओ एका आकड्यावर लावून बटणाला चिकटपट्टी मारून ठेवलीय. रविवारी सगळी चर्चमध्ये जातात, तेव्हा हा घरात एकटा. कानाला रेडिओ लावून वाट बघत बसतो. मी जरा जरी सरकलो ना वैनी, तर त्याला नुसती खरखर ऐकू येते. तो मला शोधू शकत नाय आता. मलाच बरोबर तिथं असायला हवं."

ही झाकण पदराआड घेऊन घरी परतली. मला काकांच्या तोंडाकडे बघवेना. इतके दिवस त्यांच्या यंत्राची टिंगल मीच जास्त केली होती.

पुढच्या रविवारी मी दहाच्या आधीच काकांकडे गेलो. बेल दाबली, परत दाबली, आत गेलो. काका खिडकीतून आळीकडे बघत होते. लाल फडकं त्यांनी लावलंच नव्हतं. दहाला त्यांनी ट्रान्समीटर सुरू केला. यंत्रावर आकडा उमटला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. एकही मिक्सर सुरू झाला नव्हता.

त्याऐवजी बाहेरून वेगळाच आवाज येत होता. घर्रर्र, घर्रर्र. मी खिडकीतून पाहिलं. मिक्सर आल्यापासून माडाखाली लोळत पडलेले पाटे बायकांनी धुऊन पुढच्या पडवीत घेतले होते. आमची ही घामाघूम होऊन वरवंटा ओढत होती आणि भिंतीपलीकडच्या बाईला सांगत होती, "पाट्यावरच्या वाटपाची चव मिक्सरला नाही गो!" हा शोध तिला त्याच सकाळी लागला असावा.

काका माइकमध्ये बोटीवरच्या हिंदीत बोलत होते. मग ते थांबले. पलीकडून एक बारीक आवाज येऊ लागला, एकाच बोटाचा, थांबत थांबत. टीट्, टी, टीट्. काका डोळे मिटून ऐकत होते.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"विचारतोय, आज इतका स्वच्छ कसा ऐकू येतोस? मिक्सरवाल्यांचं काय झालं?"

काकांनी त्याला सगळं सांगितलं. पाटे, वरवंटे, बांगडे, सगळं. मग ते बोट पुन्हा हललं.

"आता काय म्हणतात?"

"किती जणी वाटतायत, विचारतोय."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. सगळ्या पडव्या तिथून स्वच्छ दिसत होत्या. मोजायला काहीच अवघड नव्हतं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माइक जवळ ओढला.

"गिना नहीं, भाई," ते म्हणाले. "सब हैं."