आप्पांची दुपारची झोप

आमच्या सिडकोतल्या गल्लीत आप्पांकडून जागच्या जागी होकार मिळालेला दुकानदार अजून जन्माला यायचा आहे. नकारही मिळत नाही. "झोपून सांगतो," एवढंच.

आप्पा म्हणजे आमचे शेजारी, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. दुपारचं जेवण झालं की ते आणि कमलकाकू आतल्या खोलीत जायचे. कूलर घरघरायला लागायचा. चार वाजता आप्पा डोळे चोळत बाहेर यायचे, तेव्हा निर्णय झालेला असायचा, तोही स्वप्नाच्या तपशिलासकट. फ्रिज घेताना म्हणाले, "सपनात पाहिला. दार डाव्या अंगाला उघडत होतं, म्हून ओट्याला लागत नव्हतं." मी मुद्दाम आत जाऊन ओटा बघून आलो. खरंच होतं.

एकदा पैसे दुप्पट करून देणारा एक एजंट त्यांच्या व्हरांड्यात दोन तास बसून राहिला. कडुनिंबाची सावली सरकत सरकत त्याच्या बुटांवरून पुढं गेली. चारला आप्पा आले. "साहेब, सपनात तुमी लई घाईत दिसले. ऱ्हाऊ द्या." पुढं गल्लीतले बाकीचे लोक त्या एजंटाला फोन लावत बसले आणि तो उचलेना. तेव्हापासून आप्पांच्या झोपेला आमच्याकडं मान आला. दुपारी एक ते चार त्यांच्या खिडकीखाली कुणी गाडीचा हॉर्न वाजवत नसे.

मग आप्पांची सोयगावची जमीन विकली गेली. मुलगा महेश वाळूजला कंपनीत. त्याला सगळा पैसा घालून दहाव्या मजल्यावर मोठा फ्लॅट घ्यायचा होता. आप्पांच्या आईचं, माईंचं, म्हणणं की एक रुपया बँकेतून हलवायचा नाही. दोघांचं बोलणं बंद झालं. कागद वाचायला मला बोलावलं होतं. आप्पा म्हणाले, "झोपून सांगतो."

चारला बाहेर आले ते तसेच. "झोप लागली नाय. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. बिल्डरचे फोन सुरू झाले. चौथ्या दुपारी मी कागद परत द्यायला गेलो, तर आप्पा खोलीत पलंगाच्या कडेला टक्क जागे बसलेले. काकू आठ दिवसांसाठी सिल्लोडला बहिणीकडं गेल्या होत्या.

"तब्येत बरी नाही का?" मी विचारलं.

"तब्येतीला काय झालंय?" ते पंख्याकडं बघत म्हणाले. मग आवाज उतरला. "लग्नानंतर एकदा जेवताना मी हिला ईचारलं, पगार वाढलाय, काय घ्यावं? माई म्हणाली, बायकांना ईचारून घर चालत नसतं. ही वाढता वाढता आत गेली. तवापासून पैशाच्या गोष्टीत चारचौघांत तोंड उघडलं नाय तिनं. मग मी दुपारचं झोपाया लागलो. हितं मी ईचारायचो, ती सांगायची."

"आणि स्वप्नं?"

"मला कुठली सपनं पडतात?"

"मग फोन करा की त्यांना."

"केला. फोनवर नुसतं 'बरं' म्हणती. तिथं सगळं घर बसलेलं असतं."

काकू आल्या त्याच संध्याकाळी महेशनं विषय काढला. मी होतो, माई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आप्पांनी माईंकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या आईला ईचार. आजवर ह्या घरात तिनं सांगितलं तेच झालंय."

माईंचा मण्यांवरचा हात थांबला. काकूंनी चहाचा ट्रे खाली ठेवला, पदर नीट केला.

"दोन खोल्यांचा घ्यावा," त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या. "तळमजल्यावर. माईंना जिना चढवत नाही, आणि लिफ्टला त्या भितात. उरलेला पैसा माईंच्या नावानं बँकेत ठेवावा."

महेशनं आईकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली. माईंनी जपमाळ मांडीवर ठेवली. मग सुनेला म्हणाल्या, "कमल, उगवतीला खिडकी हाय का, ते बघून घे."

"बघते," काकू म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माईंच्या शेजारी खुर्चीवर बसल्या.

आप्पांनी चहा बशीत ओतला होता. त्यावर साय धरली तरी ते काकूंकडंच बघत होते.