न तुटणारा बोल्ट

मास्तरांनी मोडका बोल्ट दुकानदाराच्या काउंटरवर ठेवला, तो उनाड पोराला कान धरून बापापुढे उभं करावं तसा.

"हा चौथा," मास्तर म्हणाले. "पंधरा दिवसांत मध्ये झिजतो आणि जरा जोर आला की दोन तुकडे. चारही तुमच्याच दुकानातले."

दुकानदाराने चष्मा वर केला. "पीटीओचा ना? मग बरोबर आहे, सर. तो तुटायलाच असतो."

"तुटायला?"

"ट्रॅक्टरच्या मागे तो दांडा फिरतो, त्यावर माती उकरणारा रोटाव्हेटर चालतो. रोटाव्हेटरची पाती खाली कशात अडकली की आधी हा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. बारका जातो, मोठा राहतो."

मास्तर एकतीस वर्षं मुख्याध्यापक होते. इतका निलाजरा खुलासा त्यांनी कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडूनही ऐकला नव्हता.

"म्हणजे नापास होण्यासाठीच मी मुलं शाळेत घेतली असती, तर चाललं असतं तुम्हाला?"

"तुमच्या शाळेत माझी तीन वर्षं तशीच गेली, सर," दुकानदार म्हणाला आणि पाचवा बोल्ट पुढे सरकवला.

तो तिथेच टाकून मास्तर बाहेर पडले.

प्रश्न बोल्टचा नव्हता. ट्रॅक्टर मास्तरांच्या वडिलांचा होता आणि घरामागच्या शेडमध्ये चाळीस वर्षं ठाण मांडून होता. मास्तरांच्या बायकोचा, म्हणजे बाईंचा, शिवणवर्ग मात्र स्वयंपाकघरात भरायचा. परवा साखरेच्या डब्यात ब्लाउजचे हूक सापडले, तेव्हा बाईंनी कॅलेंडरच्या पाठीवर करार लिहून मास्तरांची सही घेतली होती: ट्रॅक्टर आणखी एकदा बंद पडल्यास तो भंगारात जाईल. त्यानंतर हा चौथा बोल्ट तुटला होता. 'बंद पडला नाही, थांबला आहे,' असं म्हणून मास्तरांनी एक दिवसाची मुदत मिळवली होती.

ते थेट लेथवाल्याकडे गेले. हाही त्यांचाच विद्यार्थी.

"असाच बोल्ट हवा. पण तुटता कामा नये."

"कधी?"

"कधीच."

लेथवाल्याने मान खाजवली. "सर, पीटीओला एवढा कडक बोल्ट लावत नाहीत."

"कोण लावत नाही?"

"कोणीच."

"म्हणूनच देश मागे आहे," मास्तर म्हणाले. लेथवाल्याने शाळेतल्या सवयीने मान डोलावली आणि जुन्या ट्रकच्या ॲक्सलमधून बोल्ट कापून दिला. भोकात तो इतका घट्ट बसला, की मास्तरांना शेवटचा अर्धा इंच घणाने ठोकावा लागला.

दुपारी मास्तरांनी शेडमधून ट्रॅक्टर बाहेर काढला आणि परसात रोटाव्हेटर सुरू केला. बाई पायरीवर बसून काजं करत होत्या.

"बघ," मास्तर ओरडले, "याला म्हणतात चारित्र्य."

परसाच्या मधोमध, मातीखाली, कधीकाळी तोडलेल्या झाडाचं खोड होतं. पाती त्याच्या मुळांत शिरली आणि अडकली. बोल्ट तुटला नाही. दांडा पिळवटला. मग ट्रॅक्टरच्या पोटात कोणीतरी भांड्यांचं कपाट उलटं केल्यासारखा आवाज झाला आणि सगळं तेल जमिनीवर आलं.

बाईंनी सुई खोचून ठेवली. "थांबला का?"

मास्तर वाकून पाहत होते. "बोल्टला ओरखडाही नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी भंगारवाला आला. त्याने ट्रॅक्टरला दोन प्रदक्षिणा घातल्या.

"मास्तर, रोटाव्हेटर मुळांत रुतलाय. तेल गेलं, म्हणून तो वर उचलता येत नाही. आणि ट्रॅक्टर न्यायचा तर मधला बोल्ट काढायला हवा." त्याने घण मारून पाहिला. करवतीची तीन पाती मोडली. "गॅसने कापलं असतं, पण या सांडलेल्या तेलावर मी आग धरणार नाही. कुणी बनवला हो हा?"

"माझ्या विद्यार्थ्याने," मास्तर ताठ होत म्हणाले.

भंगारवाला हात पुसत निघून गेला. मास्तरांनी विजयी चेहऱ्याने बाईंकडे पाहिलं. वडिलांचा ट्रॅक्टर वाचला होता. तो चालणार नव्हता हे खरं, पण तो जाणारही नव्हता.

बाई पायरीवर नव्हत्या. रिकाम्या शेडमध्ये त्या टेप धरून भिंत मोजत होत्या.

"अगं, पण ट्रॅक्टर कुठे गेलाय?"

"राहू दे की तिथेच. मला ट्रॅक्टर थोडाच विकायचा होता? जागा हवी होती." त्यांनी खडूने सहा मशिनांच्या खुणा केल्या. "उद्या मशिनं इकडे आणा. आणि अहो, माझ्या मशीनच्या चाकाचा बोल्ट झिजलाय. तो मात्र दुकानातलाच आणा."