मानाची आठ बटणं

लग्नात नवरी मांडवात पाऊल टाकते तेव्हा काहीतरी वाजलं पाहिजे, याबद्दल गंजाडमध्ये कोणाचं दुमत नाही. काय वाजावं, यावरून मात्र ठरलेल्या सोयरिकी मोडल्या आहेत. म्हणून रोशनीने आपलं लग्न ठरताच घरात स्पष्ट सांगून टाकलं. तिला डीजे नको होता, पिक्चरचं गाणं नको होतं. तिच्या दादाने खास तिच्यासाठी बांधलेली चाल वाजली पाहिजे आणि ती दादानेच वाजवली पाहिजे, एवढीच तिची अट होती.

दादा म्हणजे रविंद्र. तो तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता आणि लग्नसराईत बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. त्याच्या जुन्या कीबोर्डच्या काही पट्ट्या दाबल्या की वर येत नसत आणि काही दाबल्याच जात नसत. बहिणीची चाल असल्या पट्ट्यांवर वाजवायची नाही, असं ठरवून त्याने वापीहून नवा अरेंजर कीबोर्ड आणला.

"जमला तर वाजव," त्याची आई भिकी म्हणाली. "नाही तर तलासरीच्या डीजेला मी सांगून ठेवलंय. ऐन वेळी तू बटणं चाचपत बसशील आणि पोरगी मांडवाच्या दारात एक पाय उचलून उभी राहील."

अरेंजर कीबोर्ड हे वाद्य कमी आणि कार्यालय जास्त असतं. डाव्या हाताने एक हुकूम सोडला की आतले ढोलकवाले, गिटारवाले, व्हायोलिनवाले निमूट कामाला लागतात. उजव्या हाताने वर नुसती सही केल्यासारखी चाल वाजवायची. आवाजांची तर आत जत्रा भरली होती. नाना तऱ्हेचे पियानो होते, घोड्याचं खिंकाळणं होतं, पोलिसांच्या गाडीचा भोंगा होता, टाळ्यांचा कडकडाट होता. गावच्या लग्नात भोपळ्याचा तारपा फुंकतात, तो मात्र नव्हता. रविंद्रने दुकानातच विचारलं होतं.

"तारपा नथी," दुकानदार म्हणाला होता, "पण हेलिकॉप्टर छे. लगनमां हेलिकॉप्टर बहु चाले."

सोबतच्या माहितीपुस्तकात जगातल्या बऱ्याच भाषा होत्या, मराठी नव्हती. शेवटी रविंद्रला मोबाईलवर इंडोनेशियाचा एक गृहस्थ सापडला, जो नेमका हाच कीबोर्ड शिकवत होता. त्याची भाषा रविंद्रला कळत नव्हती आणि रविंद्रची अडचण त्याला ठाऊक नव्हती, त्यामुळे दोघांत कधी वाद झाला नाही. त्याचं बोट जाईल तिथे रविंद्रचं बोट जायचं. अशा रीतीने रविंद्र आवाज निवडायला शिकला, ठेका निवडायला शिकला, बासरीच्या मागे व्हायोलिन किती ठेवायचं आणि घुमारा किती सोडायचा ते शिकला. आणि मग त्याला रजिस्ट्रेशन सापडलं.

आवाज, ठेका, वेग, घुमारा असं सगळं मनासारखं जुळून आलं की मेमरीचं बटण दाबायचं आणि पुढच्या आठ बटणांपैकी एकात ती अख्खी मांडणी साठवून टाकायची. नंतर ते एकच बटण दाबलं की सगळं जसंच्या तसं हजर. झेरॉक्स न लागता पूर्ण झालेलं हे रविंद्रच्या आयुष्यातलं पहिलंच रजिस्ट्रेशन. त्याने रोशनीच्या चालीची मांडणी पहिल्या बटणात ठेवली आणि चाल वाजवून दाखवली. रोशनी भांडी घासता घासता थांबली.

"हेच," ती म्हणाली. "आता याला हात लावू नको."

हात लावायला अमृतमामा आला. मामाने कीबोर्डभोवती एक फेरी मारली, खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "एक नंबरात काय ठेवलंयस?"

"रोशनीची चाल, मामा."

"आणि मामाची?"

"मामाची चाल नसते."

"लग्नात पहिला मान कोणाचा?"

"तुमचा."

"मग पहिलं बटण कोणाचं?"

रविंद्रने रोशनीकडे पाहिलं. "दोन नंबरवर ठेवली तरी चाल तीच वाजेल ना?" तिने विचारलं. तीच वाजेल, असं रविंद्रने प्रामाणिकपणे सांगितलं. प्रामाणिक माणसं इथेच चुकतात. चाल दुसऱ्या बटणात गेली आणि पहिल्यात मामाने सगळे आवाज ऐकून घोडा ठेवायला लावला. मामा मोटरसायकलवर येणार होता, पण खिंकाळण्याला त्याची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरपंच देवजीभाऊ सहज म्हणून आले. मामाला पहिलं बटण मिळालं याचा आपल्याला आनंदच आहे, आपण दुसऱ्यावर भागवू, असं ते म्हणाले आणि त्यांनी हेलिकॉप्टर घेतलं. रोशनी तिसऱ्यावर गेली. पोलीस पाटलांनी भोंगा घेतला, ती चौथ्यावर गेली. सोसायटीच्या चेअरमनना टाळ्या हव्या होत्या. निवृत्त गुरुजींनी शाळेची घंटा मागितली, ती नव्हती, तेव्हा ते मंदिराच्या घंटेवर तयार झाले, पण वर्ग भरल्याची घंटा वाटली पाहिजे अशी तोंडी अट घालून. नवऱ्यामुलाच्या काकांनी तर कैनाडहून फोनवरच बटण अडवलं. कशाचा आवाज, ते नंतर कळवतो म्हणाले. दूध डेअरीच्या सचिवांना म्हशीचा आवाज हवा होता, तोही नव्हता. ते सिंहावर राजी झाले. रोशनी आठव्या बटणावर जाऊन टेकली. त्यापुढे कीबोर्डच संपत होता.

"याच्या मागे अजून आठ-आठ बटणांचे संच आहेत," रविंद्रने सुचवून पाहिलं. "एक कळ दाबली की दुसरा संच येतो."

"म्हणजे आम्हाला मागच्या रांगेत बसवणार," चेअरमन म्हणाले.

विषय गंभीर असल्याने समाजमंदिरात बैठक झाली. तीत ठरलं, की मानकरी ज्या क्षणी मांडवात पाऊल टाकील त्या क्षणी त्याचं बटण दाबलं जाईल. त्या वेळी मांडवात काय चालू आहे हे विचारात घेतलं जाणार नाही. एकाही बटणात बदल करायचा असेल तर सर्व मानकऱ्यांची संमती लागेल. बटणांवर पांढऱ्या चिकटपट्टीवर नावं लिहिण्यात आली. आठव्यावर लिहायला नाव सुचेना, म्हणून तिथे 'इतर' लिहिलं.

"इतर म्हणजे मी," रोशनीने घरी आल्यावर पट्टी वाचून म्हटलं.

"चाल तीच आहे," रविंद्र म्हणाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी रखमीआजी आल्या. त्या धवलेरी, म्हणजे गाऊन लग्न लावणाऱ्या. त्यांच्या गाण्याशिवाय इथे लग्न लागत नाही, आणि नवरीला मांडवात आणायच्या आधीचं गाणं मध्ये तुटलं तर त्या ते पहिल्यापासून गातात. आवाज वयाने बारीक झाला होता, तरी माईक त्यांना चालत नव्हता. माईकमधून माझा आवाज दुसरीच कोणी चोरून गातेय असा येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी गाणं सुरू केलं. अमृतमामा आला. रविंद्रने नियमाप्रमाणे एक नंबर दाबला आणि मांडवात घोडा खिंकाळला.

रखमीआजी थांबल्या. "कोणाचा सुटला?"

"माझा, आजी," मामा अभिमानाने म्हणाला.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पोलीस पाटील आले, भोंगा वाजला, पोरंटोरं रस्त्याकडे धावली. पुन्हा सुरुवात. चेअरमन आले आणि कुणीही हात न हलवता टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींच्या घंटेला तर दोन म्हातारे हात जोडून उभे राहिले. ऊन वर चढत होतं. आचाऱ्याने दोनदा विचारलं, की भात चुलीवर ठेवू की उतरवू. आतल्या खोलीत हळदीने पिवळी झालेली रोशनी तयार होऊन बसली होती.

"पोरा," रखमीआजी शांतपणे म्हणाल्या, "यापुढे तुझी पेटी बोलली तर मी उठून घरी जाणार. मग लाव लग्न हेलिकॉप्टरनं."

सरपंच अजून यायचे होते. ते आले की बटण दाबणं बंधनकारक होतं, आणि दाबलं तर लग्न मोडत होतं.  रविंद्रला इंडोनेशियाच्या गृहस्थाचा शेवटचा धडा आठवला. त्यात फ्रीज नावाचं एक बटण होतं. एखादी गोष्ट फ्रीज केली, की पुढे कुठलंही रजिस्ट्रेशन दाबा, ती जागची हलत नाही. रविंद्रने आतले सगळे आवाज शून्यावर आणले आणि ते शून्य फ्रीज केलं. आता बटण दाबलं जाणार होतं, दिवा लागणार होता, नियम पाळला जाणार होता आणि परिणाम काहीच होणार नव्हता. शासकीय भाषेत याला अंमलबजावणी म्हणतात.

सरपंच देवजीभाऊ आले. रविंद्रने दोन नंबर दाबला, लाल दिवा लागला. रखमीआजींच्या बारीक गाण्यासाठी सगळा मांडव श्वास धरून बसला होता. देवजीभाऊ दारातच थबकले. आपण आल्यावर एवढी माणसं एकदम गप्प झालेली त्यांनी ग्रामसभेतही पाहिली नव्हती. ते पावलं न वाजवता पहिल्या रांगेत येऊन बसले. डोळे पाणावले होते. गाणं पूर्ण झाल्यावर त्यांनी रविंद्रला जवळ बोलावलं.

"हे काय लावलंस?"

"फ्रीज, भाऊ," रविंद्र घाबरून म्हणाला.

"फार भारी आहे."

हे मामाने ऐकलं. "याला फ्रीज आणि मला घोडा?"

"तुम्ही आधीच आलात, मामा."

"मग परत येतो."

मामा उठून रस्त्यापर्यंत गेला, चप्पल घालून, चप्पल काढून परत आला. एक नंबरचा दिवा लागला. मांडवात शब्द नव्हता. मामा छाती काढून बसला. मग पोलीस पाटील बाहेर गेले. मग चेअरमन. गुरुजींनी काठी विसरल्याचं निमित्त केलं. सिंहवाले सचिव अजून आलेच नव्हते, पण दारात हा प्रकार कळताच त्यांनी सिंहावर पाणी सोडलं. सगळे परत आलेले पाहून सरपंचांना आपला मान शिळा झाल्यासारखं वाटलं आणि तेही पुन्हा एकदा आले. कैनाडच्या काकांनी कशाचा आवाज ते शेवटपर्यंत कळवलं नव्हतं. त्यांची दूरदृष्टी सर्वांनी वाखाणली.

"आता नवरीची चाल आहे," रविंद्र उभा राहून म्हणाला. "तेवढ्यापुरता फ्रीज काढतो."

"म्हणजे आम्ही गपचूप यायचं," मामा म्हणाला, "आणि पोरगी वाजतगाजत येणार?"

"न्याय सर्वांना सारखा," सरपंच म्हणाले. "ती काय परकी आहे का?"

पहिल्या रांगेने माना हलवल्या. फ्रीजचं बटण रविंद्रच्या करंगळीपासून वीतभर अंतरावर होतं.

रोशनी मांडवाच्या दारात आली. रविंद्रने आठ नंबर दाबला. 'इतर'चा दिवा लागला, ठेक्याचे ठिपके लुकलुकू लागले, बासरी, व्हायोलिन, घुमारा सगळं पडद्यावर हजर झालं. त्याने दोन्ही हातांनी चाल वाजवायला घेतली. पट्ट्यांचा नुसता टकटक आवाज येत होता.

रोशनी एक पाय उचलून थांबली. "दादा, वाजव की."

"वाजवतोय."

"ऐकू येत नाही."

"मानाचं आहे," भिकी तिच्या कानात म्हणाली. "चल पुढे, भात लागतोय खाली."

रोशनीने पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग भावाकडे. मग उचललेलं पाऊल टाकलं आणि ती चाल स्वतःच गुणगुणत निघाली. आधी नाकातल्या नाकात, मग बऱ्यापैकी मोठ्याने. रविंद्रची बोटं आपोआप तिच्या मागून धावू लागली. ती ओळीच्या शेवटी थोडी रेंगाळली, तर तोही रेंगाळला. त्याची करंगळी फ्रीजच्या बटणापर्यंत गेली.

"हिला कोणत्या नंबरावर परवानगी दिली?" मामाने विचारलं.

सरपंच खाकरले. करंगळी परत जागेवर आली. रविंद्रने चाल शेवटपर्यंत, एकही पट्टी न चुकवता वाजवली.

लग्न व्यवस्थित पार पडलं. भात थोडा लागला. एकही मानकरी रुसला नाही, असं गंजाडमधलं हे पहिलंच लग्न, असं सरपंच जेवताना म्हणाले. रविंद्रला आता चिंचणीपासून तलासरीपर्यंतच्या लग्नांची बोलावणी येतात, आणि जो तो आधी विचारतो, फ्रीज आहे ना. तलासरीच्या डीजेनेही भिंतीएवढे स्पीकर नुसते उभे करून ठेवण्याची सोय सुरू केली आहे. रोशनी अधूनमधून कैनाडहून फोन करते आणि काहीच बोलत नाही.

"बोल ना," रविंद्र म्हणतो.

"मान देतेय," ती म्हणते.

नवरीच्या प्रवेशाचा व्हिडिओ नवऱ्याच्या एका मित्राने टाकला होता. तो जिल्ह्यात घरोघरी पोचला. 'काय वाजवलंय भावाने', 'अंगावर काटा', 'आपली संस्कृती' अशा शेऱ्यांनी त्याखालची जागा भरून गेली आहे. कीबोर्डचा आवाज येत नाही, अशी तक्रार एकानेही केलेली नाही. तुम्हीही केली नाहीत. तुम्ही तो दुसऱ्या कुणाच्या तरी भाषणात बसून, मोबाईलचा आवाज बंद ठेवून पाहिला, आणि त्याखाली लाइकचा अंगठा दिलात.