उभा खांदा, आडवा खांदा

खांद्याबद्दल आपल्याला कोणी नवीन काही सांगू शकेल असं बाईंना वाटत नसे, आणि हे त्या कोणी विचारायची वाट न पाहता सांगत. वैद्यकीय महाविद्यालयात त्या बारा वर्षं शरीररचना शिकवत होत्या. बाराही वर्षं हंगामी. दर वर्षी एक कागद यायचा, त्यावर विभागप्रमुखांची सही असायची, आणि आणखी एक वर्ष सुरू व्हायचं. यंदा मात्र एक कायमची जागा निघाली होती. अट एकच: परीक्षकांसमोर एक तास शिकवून दाखवायचं.

बाईंनी विषय घेतला खांद्याच्या मागच्या चौकोनी पोकळीचा. वर एक स्नायू, खाली एक स्नायू, आतल्या बाजूला दंडामागच्या स्नायूचं लांब टोक आणि बाहेर दंडाचं हाड. या चार भिंतींमधून एक मज्जातंतू आणि एक रक्तवाहिनी जोडीने बाहेर पडतात, संध्याकाळी फिरायला निघालेल्या वयस्कर नवरा-बायकोसारखी. विद्यार्थ्यांना ही पोकळी पुस्तकात सापडायची आणि परीक्षेत हरवायची.

"मी ती जिवंत माणसाच्या पाठीवर काढून दाखवणार आहे," बाईंनी घरी जाहीर केलं.

"कोणाच्या?" नवऱ्याने विचारलं.

बाईंनी त्याच्या खांद्यांवर मोजपट्टी धरली. तो पोहायला शिकवायचा. दारातून आधी त्याचे खांदे आत यायचे, मग तो.

परीक्षकांसमोरच्या तासाच्या दिवशी सकाळी सात वाजता बाईंनी त्याला जेवणाच्या टेबलावर पालथं झोपवलं. पलंग त्यांना चालेना. शवविच्छेदनाच्या टेबलाच्या उंचीची सवय होती. दोन्ही हात डोक्याच्या दिशेने, टेबलाबाहेर लोंबते. मग दोरा, मोजपट्टी आणि न पुसणाऱ्या शाईची चार पेनं घेऊन त्या कामाला लागल्या.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि थबकल्या. "याला काय झालंय?"

"काही नाही, आई. खांद्याचं चित्र काढतेय."

"बरं. मग नाश्ता कुठे मांडू?"

"कमरेच्या पुढे जागा आहे."

सासूबाईंनी लेकाच्या गुडघ्यांच्या दोन बाजूंना दोन बश्या ठेवल्या. "हलू नकोस रे. चहा गरम आहे."

साडेआठला चित्र पूर्ण झालं. लाल स्नायू, निळं हाड, पिवळा मज्जातंतू, आणि चौकोनाला हिरवी चौकट. एक ते सात आकडे. इतकं नेमकं की बाईंना तिथेच सही करावीशी वाटली.

वर्गात चाळीस विद्यार्थी होते आणि पहिल्या बाकावर दोन परीक्षक. एक, बाहेरून आलेले हाडांचे वयस्कर डॉक्टर, जे फारसं बोलत नव्हते. दुसरे, विभागप्रमुख. त्यांना सगळं महाविद्यालय फूटपट्टी सर म्हणायचं, कारण खिशात पेन नसलं तरी पट्टी असायचीच. उत्तरपत्रिकेतली आकृतीही ते मोजून तपासत.

"अगं, शर्ट आत्ता काढू?" नवऱ्याने विचारलं. चाळीस जण हसले.

"वर्गात अगं नको," बाई हळूच म्हणाल्या.

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. खांदा बोलत नाही."

तो शर्ट काढून, वर्गाकडे पाठ करून उभा राहिला. हात खाली. बाई विद्यार्थ्यांकडे तोंड करून शिकवू लागल्या. मागे वळून बघायची त्यांना गरजच नव्हती. पहिल्या रांगेतल्या एका मुलीला त्यांनी पुढे बोलावलं. "हिरव्या चौकोनात बोट ठेव. काय लागतं?"

"हाड, बाई."

"तिथे हाड नसतं. ती पोकळी आहे."

मुलीने पुन्हा दाबलं. "बाई, पण लागतंय."

फूटपट्टी सर उठले. त्यांनी पाठ चाचपली, पट्टी लावली आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "साडेतीन सेंटिमीटरची चूक. पोकळी इथे आहे. तुमचा चौकोन शेजाऱ्यांकडे गेलाय."

बाईंनी वळून पाहिलं. सकाळी हात डोक्याकडे होते. हात खाली आले तसं खांद्याचं पातं आतून फिरून आपल्या जागी गेलं होतं आणि कातडीवरचं चित्र मागे राहिलं होतं. बारा वर्षं बाईंनी खांदा आडवाच पाहिला होता. त्यांच्या टेबलावरचं कोणी आजवर उठून उभं राहिलं नव्हतं.

"आडवे व्हा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"इथे?"

"खांदा बोलत नाही."

तो शिक्षकांच्या टेबलावर पालथा झाला. पाय उरले, ते खुर्चीवर ठेवले. हात डोक्याच्या दिशेने लोंबते सोडले. मुलीने चौकोनात बोट दाबलं. बोट मऊसर खोलीत गेलं. "सापडली!" ती म्हणाली, आणि मागचे सगळे पुढे सरकले.

तेवढ्यात हाडांचे डॉक्टर पहिल्यांदाच बोलले. "हे पोहतात ना? हात कसा फिरतो ते दाखवा. चित्र कुठे राहतं आणि स्नायू कुठे जातो ते मुलांना दिसू दे."

"हे मोजायला हवं," म्हणत फूटपट्टी सर पट्टीसह टेबलावर वाकले. हात लांब करून त्यांनी पट्टी नेमकी त्याच खांद्यावर टेकवली.

नवरा वीस वर्षं पोहत होता. त्याला हात मार म्हटलं की तो अर्धा मारत नसे. हात मागून वर आला आणि पुढे जाताना सरांचा लांब केलेला हात वर, मागे घेऊन गेला. टक् असा आवाज झाला. पट्टी तिसऱ्या रांगेत पडली.

सर पहिल्या बाकावर जाऊन बसले. "माझा हात," ते म्हणाले.

"सर, तुमच्या खांद्याची गोलाई गेलीय," ती मुलगी म्हणाली. आयुष्यातलं पहिलं निदान तिने बरोबर केलं होतं.

डॉक्टर उठले. पण त्यांच्याआधी बाई सरांजवळ होत्या. "खांदा निखळला की ताण कोणावर येतो?" त्यांनी वर्गाला विचारलं.

"चौकोनातल्या मज्जातंतूवर," चाळीस आवाज.

"तो शाबूत आहे की नाही ते कसं कळेल? सर, डोळे मिटा. दंडाच्या बाहेरच्या अंगाला, इथे, स्पर्श कळतोय?"

"कळतोय," सर डोळे मिटून म्हणाले. "दोन बोटं. साधारण साडेतीन सेंटिमीटर."

"शाबूत आहे," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी हळूहळू, घाई न करता हात ओढला आणि खांदा जागेवर गेला. झोळीला काही मिळेना, म्हणून नवऱ्याचा शर्ट बांधला. तो तसाच उघड्या अंगाने, पाठीवर आकडे मिरवत तलावावर गेला. तिथे एका पालकाने त्याला ऑपरेशन कधी आहे म्हणून विचारलं.

तीन आठवड्यांनी पत्रं आली. दोन. पहिलं बाईंचं. एक वर्षाची मुदत, खाली डाव्या हाताची वाकडी सही, आणि शेरा: "विषयाची जाण उत्तम. मापात सुधारणा हवी." दुसरं नवऱ्याच्या नावाचं. जिवंत खांद्याचं प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांना फार उपयोगी वाटल्याने, त्यासाठी दर मंगळवारची जागा नव्याने मंजूर झाली होती. कायम.

सासूबाईंनी दोन्ही पत्रं वाचली. "बारा वर्षं तू जातेस. आणि कायम हा झाला?"

"त्यांचा खांदा चांगला आहे, आई," बाई म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी सकाळी सात वाजता त्यांनी नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून, हात खाली सोडून, ताठ उभं केलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"जरा भरभर आटपा, बाई," तो भिंतीला म्हणाला. "मला हजेरी लावायची असते."